भूपाळीचा अर्थ

सांडवगडच्या देवळात गुरवाची सगुणा रोज पहाटे लखमोबा कवींची जुनी भूपाळी म्हणायची. दामोदरशास्त्र्यांना ते खुपायचं. एकदा भरल्या पोटी दरबार बसला असता त्यांनी तक्रार केली, "हिला कवीचा अर्थ ठाऊक नाही. हिचं गाणं बंद करा!"

राजेसाहेब म्हणाले, "दोघांनीही अर्थ सांगा. ज्याचा खरा, त्याचा मान."

शास्त्रीबुवांनी पहिल्याच ओळीचे अठरा अर्थ काढले. नवव्याला दिवाणजी पेंगले, बाराव्याला राजेसाहेब लोडावर कलंडले, अठराव्याला अख्खा दरबार घोरत होता. घाबरून उभ्या असलेल्या सगुणाला आता हसू आवरेना.

"सांग तुझा अर्थ," पोथी मिटत शास्त्रीबुवा म्हणाले.

सगुणाने पदर खोचला आणि खणखणीत आवाज लावला, "उघड डोळ्यांचं दार, अंगणी आलं ऊन..."

राजेसाहेब दचकून उठून बसले. "उजाडलं का गं?"

"नाही महाराज, अर्थ सांगून झाला!"

राजेसाहेब खो खो हसले. "भूपाळी सगुणाचीच! आणि शास्त्रीबुवा, तुम्ही आजपासून शेजारतीला या. देवाला निजवायला तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही."