परातीच्या काठावरची बोटं

घाटाच्या पायथ्याशी उंबरखोरं नावाचं गाव. तिन्ही बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला ओढा आणि मधोमध केशवराजाचं काळ्या दगडाचं देऊळ. त्या देवळापुढच्या दीपमाळेच्या चौथऱ्यावर कुशाबामहाराज बसत. मठ नाही, गादी नाही, शिष्यांचा गोतावळा नाही. एक घोंगडी आणि पाणी प्यायला एक नारळाची कवटी, संपला संसार! महाराज कधी आले, कुठून आले, कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की महाराज म्हणत, "मीही तेच शोधतोय बाबा. तुला कळलं तर मला सांग." आता यावर माणसाने काय बोलावं!

महाराजांचं बोलणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा हमखास गोंधळ व्हायचा. दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याचा त्याहून जास्त. पण एक होतं, त्यांच्यापाशी बसलं की तो गोंधळसुद्धा गोड वाटायचा.

याच गावात ठकूबाई राहायची. तिचा नवरा राणू डोंगरकड्यांवरची मधाची पोळी काढायचा. मध पिळून झाला की उरलेलं पोळं ठकूबाईचं. ती ते कढवायची, फडक्यातून गाळायची आणि पिवळंधमक मेण काढायची. चांभार त्या मेणातून दोरा ओढायचे, सोनार दागिन्याचा नमुना करायचे, बाया टाचांच्या भेगांत भरायच्या. आणि ठकूबाई स्वतः त्याच्या बत्त्या करायची. सुताची वात वितळलेल्या मेणात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. तीस-चाळीस वेळा! तेव्हा कुठे करंगळीएवढी बत्ती व्हायची. मेणाचं भांडं मात्र ती कधीच थेट चुलीवर ठेवत नसे. आधी पाण्याचं पातेलं, त्यात मेणाचं भांडं. "मेण लई गरीब दिसतं," ती म्हणायची, "पन त्याला नुसत्या जाळावर ठिवून पाठ फिरवली ना, की त्याच्यासारखं वंगाळ कोन नाय." तिच्या माहेरचं खोपटं असंच जळालं होतं. लहानपणी पाहिलेलं ते, विसरणार कसं?

मागच्या कार्तिकात राणू कड्यावर लटकला. दोर कपारीत अडकला, वर येता येईना, खाली उतरता येईना. खाली ठकूबाई उभी. तिने तिथूनच देवळाकडे हात जोडले, "केशवराजा, माझा मानूस खाली आन. बारा पुनवा तुझ्याम्होरं माझ्या हातची मेनबत्ती लावीन." आणि दोर सुटला! राणू खरचटलेला, पण धडधाकट खाली आला.

अकरा पुनवा ठकूबाईने नवस फेडला. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी, एका कोपऱ्यात. बारावी होती त्रिपुरी पौर्णिमा.

आणि इथेच विसाजीपंत आडवे आले.

विसाजीपंत म्हणजे देवळाचे वहिवाटदार. पूजाही तेच करत. विद्वान खरे, पण त्या विद्वत्तेचं ओझं ते स्वतः उचलत नसत, दुसऱ्यांच्या डोक्यावर ठेवत. ठकूबाई दिसली की ओरडायचे, "आली मेणवाली! चला, रांग लावा, हिच्या मागनं माश्यापण दर्शनाला येतील!" लोक हसायचे. ठकूबाईही कसनुसं हसायची. त्रिपुरीच्या चार दिवस आधी मात्र पंत हसले नाहीत.

"ऐक गं. त्रिपुरीला पाच गावचे लोक येणार. आमच्याकडे दीपमाळेवर तेलसुद्धा जळत नाही, निव्वळ गाईचं तूप जळतं. त्या दिवशी तुझं ते माश्यांचं खरकटं आत आणलंस, तर पुन्हा या देवळाची पायरी चढायची नाही. समजलं?"

"पन पंत, माझी बारावी पुनव हाये वो. नवस अर्धा ऱ्हाईल."

"मग अर्धाच राहू दे! देवाला काय माश्यांनी चिवडलेलं दाखवतात?"

ठकूबाईला काही सुचेना. बत्ती लावावी तर देऊळ कायमचं तुटणार. न लावावी तर देवाला दिलेला शब्द तुटणार. ती तडक चौथऱ्यापाशी आली.

"म्हाराज, पंचामृतात मध चालतो ना?"

"चालतो की."

"मंग मेन का नाय चालत? दोनी एकाच पोळ्यातलं. मध सोवळा नि मेन ववळं, ह्ये कसं?"

महाराज म्हणाले, "मला काय विचारतेस? माशीला विचार."

आणि ठकूबाई खरंच गेली हो! ओढ्याकाठच्या उंबराला पोळं होतं, त्याच्याखाली उभी राहून तिने हात जोडून विचारलं. माश्या गुणगुणत राहिल्या. ती परत आली.

"काय म्हणाली माशी?"

"कायबी नाय. आपलं काम करत व्हती."

"झालं तर मग," असं म्हणून महाराजांनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. ठकूबाई उभीच! म्हणजे बत्ती आणू की नको? काही कळेना. शेवटी तिने काम तेवढं केलं. बत्ती बनवली.

तिकडे पंतांची निराळीच पंचाईत झाली होती. पाच गावांत बढाई तर मारून ठेवली, पण तुपाचे हंडे काही भरेनात. दीपमाळेच्या शेकडो पणत्या, त्यात आतल्या समया, वर त्रिपुराची मोठी वात. तूप पुरणार कुठून? आणि तेल आणलं तर तोंड कुठे लपवायचं? मग पंतांनी काय केलं असेल? आठवडी बाजारातून गुपचूप पोतंभर मेण आणवलं! घट्ट होतं, पिवळं असतं, तुपात मिसळलं तर ओळखतंय कोण! देवळाच्या पडवीत भली मोठी कढई चढवली आणि खंडू आचाऱ्याला बजावलं, "विचारू नकोस, नुसतं ढवळ."

खंडूने सरळ जाळावर कढई ठेवली. त्याला बिचाऱ्याला पाण्याचं पातेलं वगैरे काय माहीत! त्याने आयुष्यभर आमटी केलेली.

त्रिपुरीची संध्याकाळ झाली. पाच गावं लोटली. खालच्या पणत्या पेटल्या, वरच्या पेटल्या, आणि बघता बघता सगळ्या आवारात एक वास पसरला. गोड, उबदार, डोंगरावरच्या फुलांचा.

"अगंबाई, मधाचा वास!"

"तुपाला मधाचा वास?"

"चमत्कार! पंतांच्या तुपात देव उतरला!"

एकच गलका झाला. जो तो पणतीवर वाकून वास घेऊ लागला. पंतांच्या कपाळावर घाम आला, पण त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाले, "सगळी केशवराजाची कृपा." गलका ऐकून खंडू आचारीसुद्धा झारा टाकून पळत बाहेर आला. चमत्कार काय रोज रोज होतो?

गर्दीच्या कडेला ठकूबाई पदराखाली बत्ती धरून उभी होती. तिचं नाक तिला सांगत होतं एक आणि सगळं गाव सांगत होतं दुसरंच. हा तर तिच्या घरातला वास! पण पंतांच्या तुपाला कसा येईल? की देवच तिची थट्टा करत होता? ती महाराजांकडे सरकली.

"म्हाराज, तुमाला ह्यो मेनाचा वास येतो का वो? का माझंच डोकं फिरलं?"

"मला सर्दी झालीय," महाराज म्हणाले. "वासाचं काही सांगता येत नाही. धूर मात्र दिसतो."

ठकूबाईने वळून पाहिलं. पडवीच्या दारातून काळा लोट येत होता!

कढई पेटली होती. आणि पडवीत, अगदी आतल्या कोपऱ्यात, विसाजीपंतांची म्हातारी आई वाती वळत बसली होती. माईंना ऐकू कमी यायचं. बाहेरचा गलका त्यांना कळलाच नव्हता. पडवीला दार एकच आणि दाराच्या नि माईंच्या मधोमध ती कढई!

"माई!" पंत किंचाळले. त्यांनी पाण्याची घागर उचलली.

"पानी नगा! पंत, पाया पडते, पानी घालू नगा! झाकन घाला, झाकन!"

"बाजूला हो! आग पाण्याने विझवायची नाही तर काय मधाने? तू मला शिकवणार?"

आणि पंतांनी घागर रिकामी केली.

काय सांगावं! पाणी त्या उकळत्या मेणात पडलं आणि भडका थेट वाशांपर्यंत गेला. पेटते थेंब चहूकडे उडाले. पंतांचं उपरणं पेटलं, लोकांनी त्यांना मागे ओढून मातीत लोळवलं. छपराचं गवत धुमसायला लागलं. आतून माईंची हाक आली, "विसू, अरे विसू!" शंभर माणसं घागरी घेऊन उभी आणि एकालाही कळेना की पाणी टाकायचं की नाही टाकायचं!

ठकूबाई आत शिरली होती.

भिंतीला भंडाऱ्याची परात टेकवलेली होती, कणीक मळायची. ती हलवायला एरवी चार गडी लागत. उडालेल्या मेणाचा थर तिच्यावर बसला होता, मऊ, गरमागरम. ठकूबाईने एका बाजूचा काठ पकडला. "केशवराजा!" तिने ओढलं. परात हललीसुद्धा नाही. परत ओढलं. आणि दुसरी बाजू उचलली गेली! अगदी सुपासारखी हलकी झाली परात. धुरात समोरचं काही दिसत नव्हतं. ठकूबाईला वाटलं, महाराज आले. परात कढईवर पालथी पडली. धप्प! भडका आत कोंडला, दोनदा गुरगुरला आणि गप्प झाला. मग मात्र लोकांनी छपरावर माती नि पाणी दोन्ही मारलं. माईंना ठकूबाईने खांद्यावर घेऊनच बाहेर आणलं.

बाहेर येताच ती चौथऱ्यापुढे वाकली. "म्हाराज, तुमी दुसरी बाजू धरली म्हनून..."

महाराज बुचकळ्यात पडल्यासारखे दिसले. "मी? मी तर इथून उठलोच नाही. विचार यांना."

"खरंय," राणू म्हणाला. "म्हाराज हितंच व्हते. मी त्यांच्या घोंगडीचं टोक धरून उभा व्हतो, भ्यानं."

मग कोण होतं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खंडू? तो तर झाडावर चढला होता! परात गार झाल्यावर चौघांनी ती उचलून उजेडात आणली आणि पाहतात तर काय, मेणाच्या थरात बोटं उमटलेली! एका बाजूला ठकूबाईची दहा बोटं, बारीक, कामाने वाकडी झालेली. तिने आपली बोटं लावून पाहिली, बरोबर बसली. आणि तिच्या हाताला एक फोडसुद्धा नव्हता, बरं का! दुसऱ्या बाजूला चार हात उमटले होते. दोन डावे, दोन उजवे.

"म्हंजे दोन मानसं व्हती," राणू म्हणाला.

"दोघं," खंडूने मान डोलावली.

"एकच होता," माई म्हणाल्या.

"माई, हात चार आहेत गं," खंडू त्यांच्या कानाशी ओरडला.

"मला ऐकू येत नाही रे, दिसतं! एकच होता. सावळा. मला म्हणाला असेल काही, मला ऐकू नाही आलं."

परत गोंधळ. एक माणूस, चार हात, असं कसं? लोक बोटं मोजू लागले. विसाजीपंत भाजलेला खांदा सावरत पुढे आले. त्यांनी परातीवर दिवा धरला. त्या चार हातांपैकी एकाच्या अनामिकेवर अंगठीची खूण होती, आणि अंगठीवर कमळ, आठ पाकळ्यांचं. ती अंगठी ते ओळखत होते. रोज पहाटे, गेली बावीस वर्षं, केशवराजाच्या दगडी बोटातल्या त्या अंगठीला ते स्वतः गंध लावत होते!

पंतांनी दिवा खाली ठेवला.

"तूप नाही ते," ते म्हणाले. "चमत्कार नाही काही. मेण आहे. बाजारातून आणवलं मी. जे हिला उंबऱ्याशी लावू देत नव्हतो, तेच देवाच्या दीपमाळेवर लावलं, तुपाच्या नावाने."

मग ते चौथऱ्याकडे वळले.

"महाराज, मला काही कळत नाही. नमस्कार कुणाला करू? या परातीला? हिला? आपल्याला?"

महाराज म्हणाले, "मला कळत असतं तर मी इथे उन्हातान्हात बसलो असतो का? आधी तिची बत्ती लाव. तिची बारावी पुनव आहे."

पंतांनी दोन्ही हात पुढे केले. ठकूबाईने पदराखालची बत्ती दिली. पंत गाभाऱ्यात शिरले, उंबऱ्याशी नाही, थेट केशवराजाच्या पायांपाशी. पण दगडावर ती गुळगुळीत बत्ती उभी राहीना! समई, निरांजन, पंचारती सगळं हाताळलेले पंत, एवढीशी बत्ती हातात धरून वळून पाहू लागले.

"बाई, हिला उभी कशी करायची असते?"

"आदी पेटवा," ठकूबाई उंबऱ्यावरून म्हणाली. "आता वाईच तिरकी धरा. दोन थेंब दगडावर पडू द्या. हां, त्याच थेंबांत तिला टेकवा. नि सोडू नगा, थेंब गार हुईस्तवर धरून ऱ्हावं लागतं. वाकून ऱ्हावा."

पंत वाकले. देवाच्या पायांशी कपाळ टेकेल इतके वाकले आणि दोन्ही हातांनी बत्ती धरून राहिले.

थेंब केव्हाच गार झाले. ज्योत उभी राहिली, सरळ, न हलणारी. ठकूबाई हळूच म्हणाली, "पंत, बसली आता ती. सोडा."

पण पंत काही उठले नाहीत.