राजांचा रांजण

धामणवाडीच्या राजे उदाजींना तळ्यात खड्डा हवा होता. काठावर नव्हे, तळ्यात! बदकं उतरतात तिथंच चिखलात बसायचं, पाण्यावर फक्त डोळे आणि बंदूक, आणि आत मात्र थेंबभर पाणी यायला नको. राजांचा हट्ट तो हट्टच. बेलदारांनी चार वेळा खड्डा खणला आणि चारही वेळा तो पाण्यानं भरला.

"काठावरचे भोई गोंगाट करतात, बदकं बुजतात," दिवाणजींनी राजांचे कान भरले. काड्या घालण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"मग भोयांनीच आम्हाला कोरडा खड्डा करून द्यावा," राजे म्हणाले. "आत एक थेंब जरी आला, तर वस्ती उठवा."

भोई हादरले. पिढ्यान्‌पिढ्या या तळ्यात मासे धरले, राजांची पालखी वाहिली, आता जायचं कुठं? म्होरक्या सटवाजी डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक येसू मात्र कुंभारवाड्यातून सगळ्यात मोठा रांजण घेऊन आली. भोयांनी तो गळ्यापर्यंत चिखलात रोवला, भोवती लव्हाळी खोचली.

शिकारीच्या दिवशी बघतात तर रांजण वर येऊन आडवा तरंगतोय.

"हाच का खड्डा?" दिवाणजी गालात हसले.

"रिकामा हाय म्हनून वर आला. वजन पडलं की बसंल," येसू म्हणाली.

भोयांनी रांजण उभा धरला आणि आधी दिवाणजींनाच आत बसवलं. काटकुळा माणूस! रांजण नुसता डुलत राहिला. त्यांना काठावर पोचवून, चिखलावर चटया अंथरत भोयांनी राजांची पालखी नेली आणि ढेरपोट्या राजांना कसंबसं आत सोडलं. रांजण गपकन खाली बसला.

बदकं आली, अगदी हाताशी आली. राजे हरखून अर्धवट उठले, रांजण कलला आणि ओंजळभर पाणी आत. बार हुकला, बदकं उडाली.

"थेंब आला," राजे ओरडले. "वस्ती उठवा!"

भोयांनी चटया गुंडाळल्या आणि काठावर आले. राजे बाहेर निघू लागले, तर पोट रांजणाच्या तोंडात अडकलं. दिवाणजी मदतीला धावले आणि तिसऱ्याच पावलाला कमरेपर्यंत रुतले.

"येसू, आम्हाला काढणार कोण?" राजांनी रांजणातून हाक मारली.

"ह्या चिखलात भोयांबिगर कुनाला चालता येतंय, म्हाराज? पर भोयांची वस्ती तर तुम्ही आत्ताच उठवलीत. आमी नवं गाव बघतो. सा म्हैन्यांनी सांगावा धाडा, येऊ काढायला."

राजे आधी लाल झाले, मग खदखदून हसू लागले. रांजण हिंदकळला, आणखी पाणी आत आलं.

"हसवू नकोस गं, बुडेन! वस्ती राहू दे, तळंही तुमचंच. सनद आजच देतो."

आठ भोयांनी ओढून राजांना बाहेर काढलं. राजांनी हातातलं सोन्याचं कडं येसूला दिलं.

"आनि दिवानजींना कवा काढायचं, म्हाराज?"

"असू देत घटकाभर," राजे म्हणाले. "बदकं बुजतात का बघू."