स्वच्छ चौकटींचा तालुका

एकदा एका तरुण आईने ठरवले, की यापुढे घरातला एकही निर्णय आकडे पाहिल्यावाचून घ्यायचा नाही. तिचे नाव वृषाली. शिक्षण रसायनशास्त्रातली पदवी, पदरी चौदा महिन्यांची लेक मनू, आणि स्वभाव असा, की मनूला एक शिंक आली तर हिला तीन शंका येत. आपण जरा जास्तच घाबरतो हे तिला ठाऊक होते. पण ठाऊक असल्याने भीती कमी होते असे कुठे आहे?

निर्णयही तसा लहान नव्हता. तिचा नवरा रणजित जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि त्याचे हे बदलीचे वर्ष. कोणकोणत्या शाळा हव्यात तो पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा होता, आणि सोमवारी संध्याकाळी सहाला अर्ज बंद होणार होता. एकदा शाळा मिळाली की पुढची काही वर्षे तिथेच. म्हणजे मनूचे चालणे, बोलणे, पडणे, आजारपण, सगळे त्या गावच्या हवापाण्यावर. रणजितच्या मनात चार किलोमीटरवरची, आपल्याच तालुक्यातली शाळा होती. राहते घर सोडायला नको, हा त्याचा साधा हिशेब. वृषालीच्या मनात मात्र काहीच पक्के नव्हते, आणि तेच तिला खुपत होते. गेल्या पावसाळ्यात मागच्या आळीतली एक मुलगी डेंग्यूने आठ दिवस दवाखान्यात होती. ती बरी होऊन आता दोरीवरच्या उड्या मारत होती. वृषाली मात्र अजून बरी झाली नव्हती.

म्हणून मनू मांडीवर निजली, की दुपारची ती मोबाइलवर आरोग्य खात्याचे आकडे शोधू लागली. आणि जसजशी शोधू लागली, तसतशी अधिक गोंधळू लागली. एका ठिकाणी नुसताच जिल्ह्याचा आकडा, तालुक्याचा पत्ता नाही. दुसऱ्या ठिकाणी तालुका होता, पण माहिती तीन वर्षांपूर्वीची. तिसऱ्या ठिकाणचा कागद आडवा स्कॅन केलेला. तो वाचायला तिने मान वाकडी केली, तर मनू जागी झाली. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी डेंग्यूचे रुग्ण किती, तर एक म्हणे एकसष्ट, एक म्हणे त्रेचाळीस. दोन दिवसांनी तिच्या ध्यानात आले, की एकाचे वर्ष एप्रिलपासून सुरू होते आणि दुसऱ्याचे जानेवारीपासून. तोवर तिने दोन्हींची सरासरी काढून ठेवली होती. मग पदवीची लाज वाटून तिने ती खोडली.

अखेर तिला हवा तसा तक्ता सापडला. डावीकडे तालुक्यांची नावे, शेजारी डेंग्यूचे रुग्ण. आपला तालुका एकसष्ट, जिल्ह्यात सर्वांत जास्त. आणि डोंगरापलीकडच्या तालुक्यापुढे शून्य. तिने मागचे वर्ष उघडले, तिथेही शून्य. किती तरी दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडला. अर्जात कोणता तालुका पहिला टाकायचा हे आता लहान मुलानेही सांगितले असते.

तरीही तिला कुणीतरी मान डोलवायला हवे होते. अशा वेळी ती यमुनाअक्कांकडे जाई. अक्का म्हणजे गावच्या उपकेंद्रात चौतीस वर्षे परिचारिका म्हणून राबलेली वृद्धा. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी गाव त्यांना अजून सिस्टरअक्का म्हणे. आणि गावातले टवाळ म्हणत, की अक्का निवृत्त झाल्या, पण त्यांचा दवाखाना वृषालीने बंद पडू दिला नाही. वृषाली स्वतःला त्यांची शिष्या समजे. अक्का तिला काय समजत, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

शनिवारी ती गेली तेव्हा अक्का ओसरीवर शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. वृषालीने मोबाइल पुढे धरला, एकसष्ट दाखवले, शून्य दाखवले, एप्रिल आणि जानेवारीही समजावले. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्या उठल्या, आत जाऊन एक ओले फडके घेऊन आल्या आणि पायांत चपला सरकवून चालू लागल्या. वृषाली मनूला कडेवर घेऊन मागे.

अक्का थेट वृषालीच्या घराशी थांबल्या. गावातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीवर असतात, तशा तिच्याही चौकटीवर खडूच्या खुणा होत्या. दर पंधरा दिवसांनी आरोग्यसेवक मोहितेभाऊ घरोघर जात. ताप कुणाला आहे का विचारत, आणि पिंप, माठ, हौद यांत डासांच्या अळ्या आहेत का ते बॅटरीच्या उजेडात पाहत. मग चौकटीवर तारीख, घरातली माणसे आणि तपासलेली भांडी लिहून पुढे जात. अळ्या सापडल्या तर आकड्याभोवती गोल. मनूच्या बारशाला घर रंगवले, तेव्हा या रेघोट्यांवरून वृषालीने कुरकुर केली होती.

अक्कांनी ओल्या फडक्याने त्या सगळ्या खुणा पुसून काढल्या. अगदी कोपऱ्यातली एप्रिलमधली तारीखसुद्धा. चौकट लखलखीत झाली.

“घे,” त्या म्हणाल्या, “तुझ्या घराचंही शून्य करून दिलं.”

एवढे बोलून त्या शेंगांकडे परत गेल्या. वृषाली दारात उभी राहिली. अक्कांना वय झाल्यामुळे काही होत आहे का, ही एक शंका. आपण काही चुकीचे बोललो का, ही दुसरी. आणि आता मोहितेभाऊंना काय सांगायचे, ही तिसरी. पदवीत यातल्या कशाचेच उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार. रणजित आणि ती मनूला घेऊन एसटीने डोंगरापलीकडच्या त्या गावी शाळा पाहायला गेली. गाव सुरेख होते. रस्ता रुंद, शाळेपुढे कडुनिंबाची सावली आणि झोका. वृषाली घरे पाहत चालली होती. इथल्या चौकटी कशा स्वच्छ, एक रेघ नाही. किती टापटीप लोक आहेत, असे ती रणजितला म्हणालीही. आणि म्हणता म्हणता कालचे ओले फडके तिच्या डोळ्यांपुढे आले. पण का आले, ते तिला उमगले नाही.

मनूसाठी पाणी मागायला ती शाळेलगतच्या घरात गेली. त्या घरच्या बाईंनी मोठ्या आपुलकीने तांब्या भरून दिला, मनूच्या गालाला हात लावला, कुठून आलात ते विचारून घेतले. अंगणात पिंप होते. वृषालीला झाकण उचलून पाहिल्याशिवाय राहवेना. पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या.

इथे तपासायला कुणी येत नाही का, असे तिने विचारले. बाईंना आधी प्रश्नच कळेना. मग त्या म्हणाल्या, की पूर्वी एक जण यायचे, ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आले नाही. झाली असतील तीन वर्षे. बाईंच्या मुलाला श्रावणात नऊ दिवस ताप होता. शहरातल्या डॉक्टरांनी सलाइन लावले, व्हायरल आहे म्हणाले. रक्त तपासले का, या प्रश्नावर बाई हसल्या. ताप उतरला होता, मग रक्त कशाला?

“डेंग्यू तर नव्हता ना?” वृषालीने भीतभीत विचारले.

“छे हो. तसलं आमच्याकडं नाही,” बाई म्हणाल्या. “ते तुमच्या तालुक्यात असतं म्हणे. माझ्या जावेनं मोबाइलवर बघितलंय.”

परतीची एसटी मिळाली. रणजितला झोका फार आवडला होता, तो त्याबद्दल बोलत राहिला.

गावात उतरल्यावर ती घरी न जाता अक्कांकडे गेली. अक्का दिवेलागणीच्या आधीची झाडलोट करत होत्या. तिने पिंपाचे सांगितले, नऊ दिवसांच्या तापाचे सांगितले, चौकटींचे सांगितले. मग एकदम विचारले, की म्हणजे तिकडे डेंग्यू आहे तर?

अक्कांनी केरसुणी भिंतीला टेकवली.

“मला काय माहीत? तुलाही माहीत नाही, आणि त्या बाईंनाही माहीत नाही. तेच तर सांगायचंय. काल मी तुझी चौकट पुसली, तेव्हा घरातले डास पुसले गेले का? कुणी येऊन बघितलं होतं, एवढीच खूण गेली. इथल्या एकसष्टांना मोहित्यांनी दारोदार जाऊन हुडकलं, रक्त काढायला लावलं, म्हणून ते एकसष्ट झाले. ते खोटे नाहीत, ती माणसं खरंच तापानं फणफणली होती. पण शून्य दिसलं की हरखून जाऊ नये, पोरी. आधी विचारावं, इथं बघायला गेलं कोण होतं, आणि किती दारं वाजवली? बघून झाल्यावरचं शून्य वेगळं, कुणी फिरकलंच नाही म्हणून उरलेलं शून्य वेगळं. कागदावर दोन्ही गोलच दिसतात.”

“मग आकडे बघायचेच नाहीत का?”

“बघायचे की. चौतीस वर्षं मी ते लिहीत होते, कुणी बघू नये म्हणून नाही. पण पूर्ण बघावेत.”

पसंतीक्रमात कोणती शाळा पहिली लिहायची, हे मात्र अक्कांनी सांगितले नाही. लेकरू तुझे आहे, एवढेच म्हणून त्यांनी केरसुणी पुन्हा हाती घेतली.

पूर्ण म्हणजे काय? तक्ता तर पूर्णच होता. घरी येऊन वृषालीने तो पुन्हा उघडला. तेवढ्यात मनूने मोबाइल ओढला, तो हातात आडवा झाला, आणि पडद्यावर उजवीकडे आणखी तीन रकाने उमटले. मोबाइल उभा धरला की ते कडेला दडत, आणि इतके दिवस तिने तक्ता बोटाने एकदाही बाजूला सरकवला नव्हता. तपासलेली घरे, अळ्या आढळलेली घरे, तपासलेले रक्तनमुने. आपल्या तालुक्यापुढे रक्तनमुने एक हजार नऊशे चार. डोंगरापलीकडच्या तालुक्यापुढे सात. तपासलेल्या घरांच्या रकान्यात तिथे एक आडवी रेघ होती. शून्यसुद्धा नव्हते.

ती बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. सुटका झाली असे तिला वाटले नाही. उलट, परवापर्यंत एक तालुका वाईट आणि एक चांगला होता. आता एक वाईट असेल आणि दुसऱ्याचे काहीच ठाऊक नाही. रणजितने विचारले, ठरले का? ती म्हणाली, की ठरलेले होते तेही मोडले.

सोमवारी सकाळी मोहितेभाऊ आले. कोरी चौकट पाहून त्यांनी दोनदा घर क्रमांक वाचला. खुणा कुणी पुसल्या, असे त्यांनी विचारले. माजी सिस्टरचे नाव घ्यायचे की आपले, या पेचात वृषाली नुसतीच हसली. मोहितेभाऊ कुरकुरत म्हणाले, की आता नव्या घरासारखे पहिल्यापासून पाहावे लागेल. नेहमी ते मागच्या नोंदीतली नऊ भांडी पाहून पुढे जात, आणि ती नऊ वृषालीने दर शनिवारी कोरडा दिवस पाळून घासूनपुसून ठेवलेली असत. त्या बाबतीत गावात तिला जोड नव्हती. आज मोहितेभाऊ स्वयंपाकघरात शिरले, फ्रिज पुढे ओढला आणि मागच्या पाण्याच्या ट्रेवर बॅटरी धरली.

“वहिनी, इकडे या.”

ट्रेमध्ये बोटभर पाणी होते, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. मनूचा पाळणा त्या भिंतीपासून चार पावलांवर होता.

वृषालीने आधी मनूला कडेवर उचलले. तिने एवढेच विचारले, की किती दिवसांच्या असतील. चारपाच दिवसांच्या, भाऊ म्हणाले. आज पाहिले नसते तर उद्यापरवा उडाल्या असत्या. मग त्यांनी ट्रे अंगणात उन्हात ओतला, फडक्याने कोरडा केला, मनूचा ताप पाहिला. ताप नव्हता. बाहेर येऊन त्यांनी खिशातून खडू काढला, चौकटीवर तारीख घातली, माणसे तीन, भांडी दहा. आणि दहाभोवती गोल काढला.

“हे वर जाणार का?” तिने विचारले. “त्या मोबाइलवरच्या तक्त्यात?”

“जाणार की. अळ्या आढळलेलं घर. आपला तालुका एकानं वाढला.”

ते पुढच्या दाराकडे गेले. वृषालीने त्या खडूच्या गोलाकडे पाहिले. परवा असा गोल दिसता, तर तिने तिथल्या तिथे फडके शोधले असते.

संध्याकाळी पाच वाजता रणजितने अर्ज उघडला. तिने त्याला चार किलोमीटरवरची शाळा पहिली लिहायला सांगितली. नक्की का, असे त्याने विचारले. नक्की नाही, ती म्हणाली, पण इथे निदान कुणीतरी येऊन फ्रिज हलवून पाहते. अर्ज भरून झाल्यावर तिने मनूला कडेवर घेतले आणि चौकटीशी नेले. मनूने गोलावर बोट ठेवले, खडू बोटाला लागला. वृषालीने तिचा हात पुसला. चौकट पुसली नाही.

आपल्यापुढे कुणी शून्य ठेवले, की आनंदण्याआधी मोबाइल जरा आडवा धरून पाहावा.