हाकेचा माळ

बोरखळीच्या वरच्या अंगाला काळ्या खडकांचा माळ आहे, त्याला हाकेचा माळ म्हणतात. एरवी तिथं गुराखीसुद्धा दबक्या आवाजात बोलतो. वर्षातून एक दिवस मात्र सारं गाव वर चढतं आणि घसा फुटेपर्यंत हाका मारतं. का, ते ऐका पाव्हणं.

बोरखळीत एक घर होतं, घरात दोन जावा होत्या. थोरली भिवरा, धाकटी म्हाळसा. चूल एक, पण एकमेकींशी बोलणं नाही. भिवराची लेक देवीच्या साथीत गेली आणि त्याच साली म्हाळसाला लेक झाली, तुळजा. भिवरानं त्या पोरीला कधी मांडीवर घेतलं नाही. लोक म्हणायचे, जळते. तिला भीती वाटायची म्हणे, आपला हात लागला तर हीही जाईल.

तो काळ पेंढाऱ्यांचा. आताचे पेंढारी गर्दीत बाँबची पिशवी ठेवून निघून जातात, असं ऐकते. तेव्हाचे घोड्यावरून यायचे. पण माणूस बाजाराला गेलं की परत येईस्तोवर घरचे वाटेकडं बघत बसायचे, ते तेव्हाही तसंच. धरलेल्याच्या तोंडाला ते गरम राखेचा तोबरा बांधायचे. मग माणूस सगळं सांगायचं, पोराबाळांची नावंसुद्धा. पेंढारी रानात उभा राहून गोड आवाजात त्या नावानं हाक मारायचा, "ये बाळा, आई बोलावतीय." पोर बाहेर आलं की संपलं.

चैतात, भर उन्हात, ते बोरखळीत शिरले. घरं पेटली. वाचलेली माणसं माळाखालच्या घळीत दडली, भिवरा त्यांच्यात होती. मागून म्हाळसा आली ती पोट दाबून धरत, लुगडं रक्तानं भिजलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जावेशी बोलली.

"आक्का, पोरीला वर कपारीत लपवलंय. सांगितलंय, लाडाच्या नावानं हाक आली तरच बाहेर ये. दुसऱ्या कशाला ओ देऊ नको."

"कोणतं नाव गं?"

म्हाळसानं मान फिरवली. "तुझ्यापुढं कसं घेऊ ते," एवढंच म्हणाली, आणि तिथंच प्राण सोडला.

माळावर कपारी म्हणजे चाळणीची भोकं. ऊन असं, की खडकाला हात लागला तर फोड यावा. भिवरा उठली तसा गावाचा पहारा करणाऱ्या जागल्यानं, येसू नाईकानं, तिचा पदर धरला.

"खाली ओढ्यावर त्यांची घोडी पाणी पितायत. आवाज केलास तर आपण सगळे गेलो."

"पोर वाळून जाईल, नाईक."

"एक जाईल. ओरडलीस तर सगळी."

"आणि एवढा उमाळा आजच कुठून आला?" मागून एक बाई पुटपुटली.

भिवरानं पदर सोडवला. ती माळावर चढली.

आधी हळूच हाक मारली, "तुळजे." खडक गप्प. मग "चिमणे," मग "सोने," मग "ठके." दर हाकेला ती ओढ्याकडं बघायची. एक घोडं खिंकाळलं, तशी ती तापल्या खडकावर पालथी पडली. गाल भाजला, पण हलली नाही. पुन्हा उठली, "मैने," "बाये." आठवतील तेवढी नावं संपली. एकच उरलं, तिच्या गेलेल्या लेकीचं. लेकीला पुरल्यापासून ते तिच्या तोंडातून निघालं नव्हतं. आणि तेव्हा तिला कळलं म्हणे, म्हाळसानं मान का फिरवली. जावेची गेलेली लेक तिनं आपल्या लेकीत चोरून जपली होती.

घोड्यांपेक्षा आता त्या नावाचीच भीती मोठी झाली. ते घेतलं आणि ओ आली नाही, तर दोन्ही पोरी गेल्या.

भिवरा ताठ उभी राहिली आणि पोटातून ओरडली, "भिंगरे, ये गं."

खडकातून बारीक आवाज आला, "ओ."

ती हाक ओढ्यावरही पोचली. पेंढाऱ्यांनी वर पाहिलं, घोडी वळवली. आता मरायचंच आहे म्हटल्यावर घळीतून सगळ्यात आधी येसू नाईकच उठला, आणि वेशीत मारल्या गेलेल्या भावाला त्यानं लहानपणच्या नावानं हाक मारली, "गोट्या, आरं गोट्या." मग एकेक जण उठला. ज्याचं जे गेलं होतं त्याला तो लाडाच्या नावानं बोलावू लागला. खडकांनी त्या हाका घेतल्या आणि शंभर पटींनी परत फेकल्या. माळावर फौज उभी आहे असं वाटून पेंढारी लूट टाकून पळाले, असं सांगतात.

आजही चैतातल्या त्या दिवशी गाव वर जातं. परगावची माणसंही येतात. मागं शहरातली एक बाई आली होती, तिचा लेक पिशवीच्या स्फोटात गेलेला. आधी तिला नाव घेववेना. मग घेतलं, आणि कपारीतून ओ आली. घाबरू नका, तिथं गावची पोरं बसवलेली असतात. त्या दिवशी कुणाची हाक रिकामी परत येऊ द्यायची नाही, असा बोरखळीचा नेम आहे.

भिवरानं भिंगरीला वाढवलं, उजवलं, तिची पोरं मांडीवर खेळवली आणि पिकल्या पानासारखी गेली. त्या घराचा वेल असा पसरला, की आज कपारीत बसून ओ देणारी बहुतेक पोरं भिंगरीच्याच वंशातली आहेत.