तिसरं विधान

"पण निष्कर्ष निघतोच की, बाबा! मग गुण का कापला?"

वैजनाथ लोमटेनं उत्तरपत्रिका शंभुगिरी बाबांच्या पुढ्यात ठेवली. ठेवली म्हणजे आपटलीच.

बाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"किती पडले?"

"एक सोडून सगळे."

"मग एका गुणासाठी एवढा आवाज?"

"एका गुणानं माणूस तलाठी होतो आणि एका गुणानं गिरणीवर बसतो. हे तुम्हीच सांगता."

सांगत होते खरे. नदीकाठच्या त्या मठात सकाळची आरती उरकली की सभामंडपात सतरंज्या पडायच्या आणि स्पर्धा परीक्षेची पोरं येऊन बसायची. मठात जागा फुकट होती. बाबाही फुकट होते. पूर्वी ते एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. मग भगवी कफनी चढवली. विषय तोच राहिला, फक्त ऐकणारे पाया पडायला लागले.

दर रविवारी बाबा स्वतःच्या हातानं पेपर काढायचे आणि स्वतःच तपासायचे. त्या पेपरात वैजनाथ पहिला यायचा. तसं तो सगळ्यांना सांगायचाही.

"वाच तो प्रश्न," बाबा म्हणाले.

"पाठ आहे मला."

"तरी वाच."

वैजनाथनं सुस्कारा टाकला आणि बातम्या वाचतात तसा वाचला.

"विधान एक. घरातून एकालाच शिकायला पाठवता येते. विधान दोन. दोघांत जो हुशार, त्यालाच पाठवावे. विधान तीन. दोघांत मुलगा हुशार आहे. निष्कर्ष. मुलगी घरी राहील. निघतो की निघत नाही?"

"तू काय लिहिलंस?"

"निघतो."

"विचार करायला वेळ लागला?"

"वेळ कसला! वाचता वाचता खूण केली. एकालाच पाठवायचं. हुशार असेल त्याला. हुशार कोण, तर मुलगा. मुलगा गेला, मुलगी राहिली. यात न निघण्यासारखं आहे काय?"

"काही नाही."

"म्हणजे निघतो?"

"चोख निघतो."

"मग चूक कशी दिलीत?"

बाबांनी एक शेंग फोडली. दाणे वैजनाथच्या तळहातावर ठेवले.

"हे घर कुणाचं?"

"कुठलं घर?"

"प्रश्नातलं."

"प्रश्नातलं घर कुणाचं असतं, बाबा? क्षचं. मागच्या पेपरात क्ष हा यचा मेहुणा होता. तेव्हा विचारलं होतं का मी, पाहुणे कुठले म्हणून?"

मागं सतरंजीवर दोघं-तिघं फिसकन हसले. वैजनाथला बरं वाटलं.

बाबाही हसले.

"बरं. मुलगा कोण?"

"मुलगा म्हणजे मुलगा."

"आणि मुलगी?"

"मुलगी म्हणजे..."

तो थांबला.

कागद पुन्हा हातात घेतला. पहिलं विधान वाचलं. दुसरं वाचलं. मग हळूच मागं वळून पाहिलं, त्या पोरांना ऐकू जात असेल का म्हणून.

"मंगळवारी तू आलास," बाबा म्हणाले. "रांजणातलं पाणी प्यालास, आणि तोंड पुसता पुसता म्हणालास की कावेरी आता येणार नाही. मी विचारलं, का? तू काय सांगितलंस?"

"हेच."

"यात माझा एक तरी शब्द आहे?"

"नाही... अण्णांचे आहेत. अण्णा घरी जे बोलले, ते मी तुम्हाला सांगितलं."

"मी फक्त नावं गाळली."

कावेरी वैजनाथची धाकटी बहीण. गेल्या आठवड्यापर्यंत ती याच मंडपात, याच सतरंजीवर बसायची. आता गावात वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, पिठाच्या गिरणीवर बसत होती. आणि तिच्या सख्ख्या भावानं तिच्यावरचा प्रश्न वाचला, बरोबरची खूण केली आणि पुढच्या घड्याळाच्या गणिताकडे वळला.

"ही फसवणूक झाली," वैजनाथ म्हणाला. कान तापले होते त्याचे.

"कशी?"

"विधानं कुणाची आहेत ते बघायचंच नसतं! तुम्हीच शिकवलंय. पहिल्या दिवशी. विधान खरं मानायचं आणि पुढं जायचं. सर्व बैल पुस्तके आहेत म्हटलं, की आहेत."

"आहेत."

"काही पुस्तके नद्या आहेत म्हटलं, की आहेत."

"आहेत."

"मग आम्ही मान खाली घालून बैलांची पुस्तकं करत बसलो, ते चुकलं?"

बाबांनी पुढची शेंग उचलली.

असं शिकवून त्यांनी कितीतरी पोरं पास केली होती. त्यातली काही आज सरकारी कचेऱ्यांत बसून, समोर येईल ते विधान खरं मानून सह्या ठोकतात. पौर्णिमेला पेढे घेऊन मठात येतात. बाबा पेढे घेतात.

"आणि कावेरीचं काय?" वैजनाथ आता पेटला होता. "तो बैलांचा प्रश्न आठवतो? तिनं उत्तर बरोबर काढलं होतं. पण बाजूला समासात लिहिलं, बैल पुस्तक असतो असं कोण म्हणतं, कुणी पाहिला? तुम्ही तिचा गुण कापलात."

"कापला."

"सगळ्यांसमोर म्हणालात, पोरी, परीक्षेत असले प्रश्न विचारत बसलीस तर पेपर अर्धा राहील."

"म्हणालो."

"तिनं विचारलं म्हणून तिचा कापला. मी नाही विचारलं म्हणून माझा कापला. एकदा नियम तरी सांगून टाका, बाबा! आम्ही तोही पाठ करू."

बाबांनी पाण्याचा तांब्या ओढला. सावकाश प्यायले.

मोठी माणसं असंच करतात. उत्तर नसलं की पाणी पितात. शिष्यांना वाटतं, मौन चाललंय.

"पहिलं विधान तपास," बाबा अखेर म्हणाले.

"तपासायचं काय त्यात?"

"खरं आहे का ते."

वैजनाथनं खांदे उडवले. पण प्रश्न दिसला की त्याला राहवत नसे. चांगली असो की वाईट, सवय होती ती.

"घरातून एकालाच पाठवता येते. खरं आहे. अण्णांचे गुडघे गेलेत, उभं राहवत नाही. गिरणीवर कुणीतरी लागतं. दोघं इथं आलो तर गिरणीवर कोण..."

तो मध्येच थांबला.

"काय झालं?"

"गावात थ्री फेज लाईट दुपारनंतर येते."

"बरं मग?"

"मठातला वर्ग सकाळचा."

"हं."

"सकाळी गिरणी चालूच होत नाही."

बाबांनी शेंगा बाजूला सारल्या.

"मग कावेरी सकाळी तिथं काय करते?" वैजनाथ स्वतःलाच विचारत होता. "बसते. बंद गिरणीत बसते. परवा मी इकडं यायला निघालो तेव्हा पण बसली होती. मी हात केला. तिनं पण केला..."

त्यानं हातातला कागद गुडघ्यावर सपाट केला. उगाचच. आधीच सपाट होता तो.

"आणि दुपारी?" बाबांनी विचारलं.

"दुपारी एक दिवस ती, एक दिवस मी. जमेल की. फक्त दुपारी मी सराव पेपर..." त्याला स्वतःचंच वाक्य कसंतरी वाटलं. "ते गिरणीवर बसूनही सोडवता येतात."

"म्हणजे पहिलं विधान?"

"पडलं."

"आता दुसरं घे."

"दुसरं कशाला? दोघंही येऊ शकतात म्हटल्यावर निवडायचंच कशाला?"

बाबांच्या भुवया वर गेल्या. बरं वाटलं त्यांना. पण वैजनाथ त्यांच्याकडे बघत नव्हता. तो नदीकडे बघत होता आणि त्याच्या डोक्यात काहीतरी उलट्या दिशेनं चालू झालं होतं.

"पण बाबा, गिरणी अण्णांची आहे."

"हो."

"लाईट कधी येते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? मग ते असं का बोलले?"

"तूच सांग."

"एकालाच पाठवता येतं म्हणून ती घरी राहिली, असं नाही." तो अडखळत, एकेक शब्द चाचपत बोलत होता. "ती घरी राहणार हे आधीच ठरलं होतं. विधानं मग जमवली. निष्कर्ष आधी... विधानं नंतर."

मागची पोरं आता हसत नव्हती.

"हा प्रकार आपल्या कुठल्याच पुस्तकात नाही, बाबा."

"नाही."

"का नाही?"

बाबांनी पुन्हा तांब्याकडे हात नेला. मग मागं घेतला.

"चल," ते म्हणाले. "तुझा गुण देतो परत. जा आता."

"तिसरं राहिलं."

"राहू दे. दोन झाली, पुष्कळ झालं."

"का राहू दे?"

"अरे, एक विधान पडलं तरी निष्कर्ष पडतो. शिकवलंय ना तुला?"

"ते ठीक आहे. पण तुम्ही कधी प्रश्न अर्धा सोडू देत नाही, बाबा. आजच का?"

वैजनाथनं कागद डोळ्यांसमोर धरला. तिसरं विधान त्याच्याच कौतुकाचं होतं. म्हणून तर त्याच्यावरून त्याची नजर आतापर्यंत घसरत गेली होती.

"दोघांत मुलगा हुशार आहे," त्यानं वाचलं. "हे अण्णांना कसं कळलं? अण्णा चौथी शिकलेत. त्यांना आमच्या गुणांतलं काय कळतं? त्यांना कुणीतरी..."

बाबा मांडीवरची टरफलं गोळा करायला लागले.

"सोमवारी अण्णा दर्शनाला आले होते," वैजनाथ म्हणाला. "तिथं, त्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी तुम्हाला विचारलं, बाबा, माझ्या दोघांत हुशार कोण? मी इथंच उभा होतो. छाती फुगवून."

टरफलं एकेक करून तांब्याजवळ जमत होती.

"तुम्ही म्हणालात, गुणांवरून तर वैजनाथ. एका गुणानं पुढं आहे."

"हो."

"आणि तो एक गुण तुम्ही तिचा कापला होता. बैल कुणी पाहिला असं विचारलं म्हणून."

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं. त्याचा आवाज मंडपापर्यंत येत होता.

"तिसरं विधान तुमचं आहे, बाबा."

मंडपात कुणी हललं नाही. मठात असं कुणी बोलत नसे. तिथं लोक प्रश्न विचारायचे, उत्तर घ्यायचे आणि वाकायचे.

"हो," बाबा म्हणाले. "माझं आहे."

"मग मंगळवारी मी सांगितलं, तेव्हाच अण्णांकडे का नाही गेलात? गाव दिसतंय इथून. हा पेपर कशाला काढत बसलात? ती तिकडं बंद गिरणीत बसलीय आणि तुम्ही इकडं माझा तास घेताय!"

बाबांनी तांब्याकडे पाहिलंही नाही. हे मौन मात्र वेगळं होतं. यात पाणी नव्हतं.

"जमलं नाही," ते म्हणाले. "पेपर काढणं जमतं मला."

राग एकदम कुठं ठेवावा ते वैजनाथला कळेना. भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं. एक म्हातारा होता, कफनीला टरफलं चिकटलेला.

"मग उठा," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "आत्ता चला. अण्णा घरीच असतील. तुम्ही सांगा त्यांना."

"तू सांग की."

"मी? मी अण्णांना कधी वर मान करून बोललो नाही. माझंही येणं बंद करतील. करतीलच."

"करतील, खरं आहे."

"तुमचं ऐकतात ते. गाव ऐकतं तुमचं."

"ऐकतात," बाबा म्हणाले. "म्हणून तर ही वेळ आली."

ते उठले. गुडघे त्यांचेही फार बरे नव्हते. खांबाला हात लावून दोन क्षण उभे राहिले, मग मंडपाच्या पायऱ्यांकडे निघाले. पोरं सतरंजीवरून उठून बाजूला झाली. बाबांना मठातून गावात जाताना कुणी पाहिलं नव्हतं. गावच मठात यायचं.

पायऱ्यांशी वैजनाथ रीतीप्रमाणे थांबला. अंग चोरून बाजूला सरला, बाबा पुढं होतील म्हणून.

बाबाही थांबले.

त्यांनी वैजनाथच्या पाठीला तळहात लावला आणि त्याला पायरीवर आपल्या पुढं ढकललं.

"मी पुढं?" वैजनाथ म्हणाला. "आणि तुम्ही?"

"बोलायचं तू. मी चुकलेलं विधान म्हणून शेजारी उभा राहतो."