लाल झालेली नावं

सोलापुरात लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांचं एक मंडळ एके काळी फार भरात होतं. दर दुसऱ्या रविवारी दुपारी ही माणसं एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमत. जो जे शिकेल त्याने ते लिहून काढायचं आणि सगळ्यांना वाटायचं, एवढाच त्यांचा नेम. मंडळात वडीलधारे हिरेमठ सर, आणि त्यांचा लाडका शिष्य रेवण.

रेवणच्या वडिलांनी एसटी स्टँडवर तीस वर्षं गाड्या पुकारल्या होत्या. ते गेले, आणि त्यांच्या आवाजाची एकशे बारा रेकॉर्डिंग एका जुन्या डिस्कवर उरली. तो आवाज गेला तर आपण खरे पोरके होऊ, हे भय रेवणला सोडत नव्हतं. म्हणून त्याने बॅकअपची, म्हणजे दुसरी प्रत जपून ठेवण्याची, साधनं जीव ओतून अभ्यासली, नव्या डिस्कवर बॅकअप घेतला आणि सगळी रीत लिहून मंडळाला दिली. टिपणं इतकी नेटकी की सगळ्यांनी जशीच्या तशी उचलली. कौतुकाने माणूस थोडा फुगतोच, रेवणही फुगला.

पुढच्या बैठकीत सर म्हणाले, "रेवण, बॅकअपमधून वडिलांना ऐकव बघू."

नेहमीप्रमाणे दोन्ही डिस्क लॅपटॉपला जोडून त्याने बॅकअप उघडला. खोलीत आवाज घुमला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. अक्कलकोटला जाणारी गाडी फलाट क्रमांक..."

सर उठले, त्यांनी जुनी डिस्क उपटली आणि खिशात घातली. आवाज तिथंच तुटला.

"सर, ती जुनी. बॅकअप हा इथं आहे," रेवण हसत म्हणाला.

"मग लाव की."

त्याने लावलं. काही नाही. दुसरं लावलं, दहावं लावलं. मग त्याने यादी उघडली. अक्कलकोट, बार्शी, तुळजापूर, शेवटची गाडी. एकशे बारा नावं जागच्या जागी होती, पण सगळी लाल झाली होती आणि एकाही नावामागे आवाज नव्हता. वडील आत्ता, या खोलीत, दुसऱ्यांदा गेले असं रेवणला वाटलं.

सरांनी डिस्क त्याच्या हातात परत ठेवली. "घाबरू नकोस, ते इथं आहेत. जागा वाचावी म्हणून तू लॅपटॉपवर नुसत्या लिंक ठेवल्यास आणि बॅकअपही त्या लिंकचाच घेतलास, टिपणातही तेच लिहिलंस. लिंक म्हणजे मूळ डिस्ककडे दाखवलेलं बोट; बोटासमोर काही उरलं नाही की नाव लाल होतं. इतके दिवस जुनी डिस्कच बोलत होती आणि तुला वाटत होतं, बॅकअप बोलतोय."

"टिपणं वाचतानाच तुम्हाला कळलं होतं?"

"शंका आली होती. नुसतं सांगितलं असतं, तर तू एक ओळ दुरुस्त करून मोकळा झाला असतास. बॅकअपमध्ये न्यायचं कसं ते तू सविस्तर लिहिलंस. परत आणून पाहिलं का, हे एका ओळीतही नाही. मूळ बाजूला ठेवून जे उघडतं, तेवढंच आपण जपलेलं असतं, बाळा."

रेवणने डिस्क छातीशी धरली. तेवढ्यात मागे आपला बॅकअप उघडून बसलेल्या शहापूरकर बाईंचा आवाज आला. निवृत्त शिक्षिका, हातमागावरच्या म्हाताऱ्या विणकरांचे शब्द वीस वर्षं त्यांनी टिपले होते. एका शब्दाची एक फाइल, तिचं नाव तोच शब्द आणि आत त्याचा अर्थ.

"माझीही नावं लाल आहेत," त्या म्हणाल्या.

"बाई, मूळ डिस्क जोडा ना," रेवण म्हणाला.

"ती पुसून भाच्याला दिली. तुझी टिपणं होती, मी निर्धास्त होते."

त्या अजिबात रागावल्या नव्हत्या, आणि रेवणला तेच सोसेना. सरांकडे त्याने पाहिलं, तर सरांचाही चेहरा उतरला होता. शंका आली त्याच दिवशी आपण बोलायला हवं होतं, एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर कित्येक रविवार रेवण ती लाल नावांची यादी घेऊन बाईंबरोबर विणकरांची घरं हिंडला. शब्द सगळे जिवंत दिसत होते. अर्थ सांगणारी माणसं बहुतेक गेली होती.

मंडळात आजही टिपण वाटणारा आधी मूळ डिस्क काढून सरांच्या टेबलावर ठेवतो, आणि मगच बोलायला उभा राहतो.