सातव्या शेळीची झोळी

"अजून किती मजबूत करू, बाई?"

खटावकरने हे विचारलं तेव्हा एस्तेरबाई गोठ्याच्या ओसरीत बसून शेवग्याच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बाई म्हणजे डॉ. एस्तेर सातपुते. चाळीस वर्षं त्यांनी हाडांच्या शस्त्रक्रिया केल्या, मग निवृत्त झाल्या. पण निवृत्त झाल्याचं त्यांना पटवून द्यायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून त्या रोज येत राहिल्या. आमच्या संशोधन विभागात कुणाचं काही अडलं, की त्याचे पाय आपोआप मागच्या गोठ्याकडे वळायचे.

खटावकरचे वळत नसत. तो धातूंचा माणूस, मोठ्या संस्थेतून आलेला. मोडलेलं हाड जागेवर धरून ठेवायला त्याने मिश्रधातूची एक पट्टी बनवली होती, आणि तिच्याबद्दल तो इतकं बोलायचा की आम्ही चहाच्या वेळा बदलल्या होत्या. त्या दिवशी मात्र तो आला. मीही त्याच्यामागोमाग गेले. माझं तिथे काही काम नव्हतं, पण खटावकर कुणाला प्रश्न विचारतो हे बघायला मिळणार होतं, ते मी कशाला सोडू?

शेळीला भूल द्यायची, नडगीचं हाड कापायचं, वर पट्टी बसवायची, आणि हाड जुळून यायची वाट बघायची, असा त्याचा प्रयोग होता. सहा वर्षांत सहा शेळ्या झाल्या. एकीचंही हाड जुळलं नव्हतं. ही सातवी. दोन महिन्यांनी सर्जन मंडळींची समिती येणार होती. हाड जुळलं असतं तर पट्टी पुढे माणसाच्या पायात गेली असती. नाही तर काम बंद, आणि खटावकरची सहा वर्षं पाण्यात. त्याचा चेहरा बघून मला पहिल्यांदाच त्याची कीव आली.

बाईंनी एक्स-रे उजेडाकडे धरला.

"पट्टी कशी आहे?"

"उत्तम. आठही स्क्रू घट्ट. केसभर हललेली नाही."

"आणि हाड?"

"हाड..." तो थांबला. "पट्टीखाली जरा पातळ झालंय."

"आधीच्या सहांचं?"

"तसंच." मग घाईघाईने, "पण बाई, पट्टी एकदाही तुटलेली नाही!"

"एकदाही नाही," बाई म्हणाल्या.

त्या हसल्या नाहीत. मी हसले, पण तोंड फिरवून.

"म्हणून तर विचारतोय," खटावकर म्हणाला. "जाडी आणखी दीड मिलिमीटर वाढवतो. मग हाडावर काडीचाही भार येणार नाही. त्याला पूर्ण विश्रांती."

बाईंनी एक्स-रे मांडीवर ठेवला.  आत कुठेतरी एक शेळी ओरडली, मग गप्प झाली.

"तुझ्या पेशींचं काय चाललंय?" त्यांनी अचानक मला विचारलं.

मी हाडाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवते. "वाढताहेत, बाई. पण बशी नुसती ठेवून दिली तर कॅल्शियम कमी धरतात."

"आणि ठेवून दिली नाही तर?"

"पेशींखालचा पडदा रोज थोडा ताणला, सोडला, ताणला, सोडला, तर भरपूर धरतात. का ते अजून मला नीट कळलेलं नाही."

"कळलं की मलाही सांग," बाई म्हणाल्या. खरंच ऐकायचं असल्यासारखं म्हणाल्या.

"ते बशीतलं," खटावकर म्हणाला. "बशीला पाय नसतात."

"खरं आहे," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "चल, पाय असलेली दाखव."

आम्ही आत गेलो. गोठा बघणारे खिलारेमामा गव्हाण झाडत होते, ते बाजूला झाले.

सातवी शेळी कोपऱ्यातल्या अरुंद कप्प्यात होती. पोटाखालून जाड कॅनव्हासची झोळी, झोळीच्या चारही टोकांना दोर, दोर वर तुळईला बांधलेले. पुढचे पाय जमिनीला टेकत होते. मागचा डावा, पट्टीचा पाय, चार बोटं वर लोंबत होता. झोळी खटावकरने स्वतः शिवून घेतली होती. कडेला मऊ लोकरसुद्धा लावली होती, शेळीला काचू नये म्हणून. त्यात त्याची माया होती, हे मला कबूल केलंच पाहिजे.

"सहाही अशाच ठेवल्या होत्यास?"

"अगदी अशाच. पायावर भार नको म्हणून."

"ही काय आजारी आहे का हो, खिलारे?"

"आजारी न्हाई, बाई," मामा म्हणाले. "टांगलीय."

खटावकरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मामा, तुम्हाला यातलं कळत नाही."

"न्हाई कळत, सायेब. तिला तेवढं खाली यावंसं वाटतंय, एवढंच दिसतंय."

बाई कप्प्यात शिरल्या. एक हात त्यांनी शेळीच्या पोटाखाली घातला आणि दुसऱ्याने दोराची गाठ चाचपली. जन्मभर टाके घातलेली बोटं ती, गाठ लगेच सुटली. मग दुसरी...

"बाई! काय करताय?"

तिसरी सुटली.

"बाई, पडेल ती! सगळा भार पट्टीवर येईल!"

बाईंचा हात चौथ्या गाठीवर थांबला.

"मजबूत आहे ना पट्टी?"

"आहे."

"जगातली सगळ्यात मजबूत?"

"हो... म्हणजे, चाचणीत तरी..."

"मग घाबरतोस कुणासाठी?"

खटावकरने लोंबणाऱ्या पायाकडे पाहिलं, मग शेळीच्या तोंडाकडे.  

बाईंनी चौथी गाठ सोडली नाही. त्या कप्प्यातून बाहेर आल्या आणि वाट बघत उभ्या राहिल्या. शेळी उरलेल्या एका दोराच्या आधाराने, पट्टीचा पाय वरच धरून, तिरकी उभी होती आणि खटावकरकडे बघत होती. मामा पुढे सरकले, तशी बाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

 

शेवटी खटावकर आत गेला. गुडघ्यावर बसला, बाईंसारखाच एक हात पोटाखाली घातला आणि चौथी गाठ सोडली. शेळी त्याच्या अंगावर कलंडली. मग सावरली. तीन पायांवर उभी राहिली, थरथरली आणि चौथा पाय हळूच खाली आणला. टेकला. पटकन उचलला. पुन्हा टेकला.

"टेकला," खटावकर म्हणाला. 

दुसऱ्या दिवसापासून तो गोठ्यातच दिसू लागला. आधी वाटलं, पट्टी तुटेल या धास्तीने पहारा देतोय. पहिले काही दिवस तसंच असावं. मग त्याच्या हातात वही आली. शेळी किती पावलं टाकते, कुठला पाय आधी टाकते, उतारावर लंगडते की चढावर, सगळं तो लिहायचा. पंधराव्या दिवशी त्याने मला जिन्यात गाठलं.

"तुमच्या त्या पेशींना पडदा ताणलेला कळतो कसा हो? त्यांना काय कान असतात?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"कमाल आहे," तो म्हणाला आणि तिथेच पायरीवर बसला. अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. पट्टीचा विषय एकदाही निघाला नाही. घरी जाताना लक्षात आलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

खिलारेमामांकडून त्याने शेळीचं नाव विचारून घेतलं. तिचं नाव कवडी होतं. वहीत 'सात नंबर' खोडून त्याने 'कवडी' लिहिलेलं मी पाहिलं आहे.

समिती यायच्या आदल्या सकाळी नवा एक्स-रे निघाला. खटावकर तो घेऊन ओसरीत आला. मी तिथेच होते. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, कवडीचंही हाड जुळलं नाही.

"बाई, हाड जुळलंय."

बाईंनी एक्स-रे उजेडाकडे धरला. कापलेल्या जागी पांढरं, ढगासारखं नवं हाड आलं होतं. चांगलं भरलेलं, जाडजूड.

"छान जुळलंय."

"पण खालचे दोन स्क्रू ढिले झालेत. हे बघा. आणि पट्टी... पट्टी सरकलीय. सहा शेळ्यांत कधी सरकली नव्हती." तो खाली बसला. "उद्या त्यांच्यासमोर हा लावायचा. पहिलाच प्रश्न येणार, पट्टी टिकली का? काय सांगू? नाही टिकली म्हणून? सहा वर्षं मी एवढ्या एकाच गोष्टीसाठी घालवली, बाई. ती टिकावी म्हणून."

बाईंनी एक्स-रे त्याच्या हातात परत दिला.

"हाड का जुळलं, तेही मला धड सांगता येणार नाही. पट्टी घट्ट होती तोवर जुळलं नाही. ढिली झाली आणि जुळलं. हे कुठल्या तोंडाने सांगायचं?"

अंगणात मामांनी शेळ्या सोडल्या होत्या. कवडी कुंपणावर पुढचे पाय टाकून, मागच्या दोन पायांवर ताठ उभी राहून, बाभळीची शेंग ओढत होती. शेंग काही तुटेना. तिने आणखी जोर लावला.

खटावकर तिच्याकडे बघत राहिला. हातातला एक्स-रे खाली आला.

"पण पट्टी, बाई..." तो हळूच म्हणाला.

बाईंनी हनुवटीने अंगणाकडे खूण केली.

"चालायचं कुणाला होतं?"